सकाळचा अंदाज आणि नानांचं बियाणं

पत्राचा गोषवारा: खान्देशातल्या एका मोठ्या गावात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या चौतीस वर्षांच्या वाचकाचं हे पत्र आहे. काही वर्षांपासून ते शेअर बाजारात आणि एमसीएक्स या वायदेबाजारावर सोन्यात ट्रेडिंग करतात. रोज सकाळी साडेआठला ‘आजचा अंदाज’ लिहून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. निफ्टी हा शेअर निर्देशांक कुठे अडेल, कुठून उचलेल, सोनं घ्यायचं की थांबायचं, असं त्यात असतं. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं आहेत, बहुतेक दुकानाची गिऱ्हाइकं आणि नातलग. अंदाजाचे पैसे ते घेत नाहीत. पण काहींची डीमॅट खाती त्यांच्या लिंकवरून उघडली गेली, त्याचे थोडे पैसे ॲपकडून मिळाले. यंदा आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, त्यांनी लिहिलं, “लगीनसराई आहे, सोनं वरच जाणार.” ते वाचून त्यांच्या सख्ख्या चुलत्यांनी, नानांनी, घरात राखून ठेवलेला कापूस विकला, गोल्ड मिनीचे (एमसीएक्सवरच्या सोन्याच्या छोट्या वायद्याचे) दोन लॉट घेतले आणि साठ हजारांच्या आसपास गमावले. तो पैसा खरिपाच्या बियाण्या-खताचा होता. नाना रागावले नाहीत. दुकानात येऊन एवढंच म्हणाले, “आते काय करानं, तूच सांग.” आता काकूंचे दागिने तारण ठेवून नुकसान भरून काढायचं त्यांच्या मनात आहे. वाचक विचारतात: माझे दहापैकी सात अंदाज बरोबर येतात, मग मी थांबावं का? थांबलो तर लोक ‘पळाला’ म्हणतील. आणि नानांना काय सांगू?

प्रिय भाऊ,

नाना चिडले असते, चार लोकांत तुम्हाला बोलले असते, तर हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं असं मला वाटतं. मग तुमच्याकडे उत्तर तयार होतं: मी अंदाज दिला, लॉट घ्या असं कुठे म्हटलं? चार दिवस अबोला राहिला असता आणि पोळ्यापर्यंत सगळं निवळलं असतं. पण नाना पुन्हा तुमच्याच दुकानाची पायरी चढून तुम्हालाच विचारायला आले, आणि तिथे तुमची झोप उडाली. ती उडाली हे चांगलं झालं. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा पैसा हलतो त्याला एवढी काळजी वाटायलाच हवी.

आधी तुमच्या सात-तीनच्या हिशेबाकडे बघू, कारण तुमचा सगळा प्रश्न त्यावर उभा आहे. दहापैकी सात अंदाज बरोबर आले हे मी मान्य करतो. पण पत्रात अंदाजांचा हिशेब आहे, खात्याचा नाही. या वर्षांत तुमच्या स्वतःच्या खात्यात किती आले आणि किती गेले, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. सात वेळा तीन-तीन हजार मिळाले तर एकवीस हजार होतात. तीन वेळा नऊ-नऊ हजार गेले तर सत्तावीस हजार. दिशा सात वेळा बरोबर, तरी खिशातून सहा हजार गेलेले. असं होणं अपवाद नाही. नफा दिसला की माणूस घाईने काढून घेतो आणि तोटा दिसला की ‘परत येईल’ म्हणून धरून बसतो. तुम्हाला निदान स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक तोट्याला सौदा आपोआप बंद व्हायची सूचना, लावायची सवय असेल. ग्रुपमधला माणूस तुमचा मेसेज साडेआठला वाचतो, शेतावर जातो, अकरा-साडेअकराला घरी येऊन भाव वर गेलेला बघतो आणि तेव्हा घेतो. बाहेर पडायची वेळ येते तेव्हा तो ठिबकच्या नळ्या जोडत असतो. तुमचा अंदाज खरा ठरूनही त्याचा तोटा होऊ शकतो, आणि तो अंदाज तुमच्या वहीत ‘बरोबर’ म्हणूनच नोंदला जातो.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी तुम्ही वाचली असेलच. 2024-25 या वर्षात शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे वायद्याच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 91 टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा 1 लाख 5 हजार कोटींच्या वर होता. हे आकडे शेअर बाजाराचे आहेत, सोन्याचे नाहीत. तरी त्यातली बरीच माणसं रोज कुणाचा ना कुणाचा अंदाज वाचूनच उतरत असणार, आणि त्या अंदाज देणाऱ्यांपैकी अनेक जण दहापैकी सात वेळा बरोबरही असतील.

आता नानांच्या सोन्याबद्दल. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण खान्देशातल्या पुष्कळ घरांत हाच घोटाळा होतोय.

आपल्याकडे सोन्यावरचा विश्वास पिढ्यांचा आहे. जळगावच्या सराफ बाजारात आजोबांनी घेतलेली पोत नातीच्या लग्नात उजळून निघते. दुष्काळाच्या साली तेच सोनं मोडून घर तरलेलं असतं. ‘सोनं बुडवत नाही’ हा अनुभव खरा आहे, पण तो पेटीतल्या सोन्याचा आहे. नानांनी सोनं घेतलंच नव्हतं. त्यांनी पुढच्या तारखेच्या खरेदीचा करार, म्हणजे वायदा, घेतला होता. गोल्ड मिनीचा एक लॉट शंभर ग्रॅमचा. हिशेबाला सोपं जावं म्हणून दहा ग्रॅमचा भाव एक लाख धरा: एक लॉट दहा लाखांचा झाला, दोन लॉट वीस लाखांचे. म्हणजे आजच्या भाषेत वीस तोळे. नाना जळगावला सराफाच्या गादीसमोर बसले असते तर त्यांच्या तोंडून ‘वीस तोळे द्या’ हे शब्द निघाले असते का? दोन तोळे घेतानाही त्यांनी काकूंना चारदा विचारलं असतं. मोबाइलवर मात्र लाख-दोन लाखांच्या मार्जिनवर, म्हणजे अनामत रकमेवर, वीस तोळ्यांची जोखीम त्यांच्या अंगावर आली, आणि त्यांच्या मनात ते ‘आखाजीचं सोनं’च राहिलं.

या करारात दहा ग्रॅममागे भाव एक रुपया हलला की एका लॉटला दहा रुपये हलतात. भाव तीन हजारांनी उतरला की दोन लॉटला साठ हजार गेले. सोन्यासाठी तीन हजारांची हालचाल आता मोठी राहिलेली नाही. तुमच्या दुकानाच्या हिशेबात सांगतो. 2025 च्या हंगामात बीटी कपाशीच्या बीजी-दोन पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारने 901 रुपये ठरवली होती. त्या दराने साठ हजारांत सहासष्ट पाकिटं येतात. एकरी दोन धरली तर तेहतीस एकरांचं बियाणं. नानांकडे एवढं रान बहुधा नसेल.

2025 चा उन्हाळा आठवा. 22 एप्रिलला जगाच्या बाजारात सोनं औंसाला 3,500 डॉलरपर्यंत गेलं आणि आपल्याकडे दहा ग्रॅमचा भाव पहिल्यांदाच लाखावर पोहोचला. आखाजी 30 एप्रिलला होती. तोवर भाव उतरला, आणि मेच्या मध्यापर्यंत आणखी उतरला. ऑक्टोबरमध्ये तेच सोनं 4,000 डॉलरच्या वर गेलं. एप्रिलच्या चढ्या भावात ज्याने मुलीसाठी दोन तोळ्यांच्या बांगड्या घेतल्या त्याला मधला उतार कळलाही नसेल. त्याच दिवशी ज्याने लॉट घेतला त्याला मेमध्ये मार्जिनसाठी फोन आला, भरायला पैसे नव्हते म्हणून सौदा कापला गेला, आणि ऑक्टोबरचा भाव त्याच्या काहीच कामाचा उरला नाही. ‘सोनं वरच जाणार’ हे वाक्य दोघांनाही लागू होतं. तरी एकाच्या घरात बांगड्या आल्या आणि दुसऱ्याच्या घरात उधारी.

तुम्ही लगीनसराईचं कारण दिलंत, म्हणून तेही बोलतो. लग्नं आणि आखाजी यांनी सराफाच्या दुकानात गर्दी होते, कारागिराला काम मिळतं, आयात वाढते. पण भावाचा पाया इथे ठरत नाही. अमेरिकेतले व्याजदर, डॉलर आणि रुपया, देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांची खरेदी (2022 ते 2024 या तिन्ही वर्षांत त्यांनी दरवर्षी हजार टनांच्या वर सोनं घेतलं), युद्धाच्या बातम्या आणि आपल्या सरकारचं आयात शुल्क, हे सगळं मिळून तो ठरतो. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं आणि त्याच दिवशी दहा ग्रॅममागे काही हजारांनी भाव कोसळला. त्या सकाळचा कुठलाही अंदाज संध्याकाळी उपयोगाचा नव्हता.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पण ग्रुपमधल्या किती जणांना ठाऊक आहे ते विचारा. उन्हाळ्यात एमसीएक्सवर सोन्याचा व्यवहार रात्री साडेअकराला बंद होतो. अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदराचा निर्णय जाहीर करते तीही त्या महिन्यांत आपल्या घड्याळाने रात्री साडेअकराचीच वेळ. आपला बाजार मिटतो आणि बातमी येते. रात्रभर सौदा उघडा ठेवून झोपलेला माणूस सकाळी नवाला जो भाव बघतो, त्यात त्याचा स्टॉपलॉस कुठेच्या कुठे मागे पडलेला असतो.

शेअर बाजाराच्या उन्हाळ्याची गोष्ट वेगळी नाही. एप्रिल-मेमध्ये कंपन्यांचे वार्षिक निकाल, हवामान खात्याचा पावसाचा अंदाज, रिझर्व्ह बँकेची पतधोरण बैठक, आणि पाच वर्षांतून एकदा लोकसभेचा निकाल, असं सगळं एकावर एक येतं. 17 मे 2004 ला निकालानंतर सेन्सेक्स एका दिवसात अकरा टक्क्यांनी पडला आणि व्यवहार थांबवावे लागले. 18 मे 2009 ला, तेही निकालानंतरच, तो सतरा टक्क्यांनी चढला आणि वरच्या बाजूने व्यवहार थांबवावे लागले. महिना तोच, कारण तेच, दिशा उलट. 3 जून 2024 ला एक्झिट पोल पाहून सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला, 4 जूनला जवळजवळ चार हजार चारशेंनी खाली आला आणि 7 जूनला पुन्हा विक्रमी पातळीवर बंद झाला. तो आठवडा ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं काहीच बिघडलं नाही. रोज अंदाज देणाऱ्याची अडचण मला इथेच दिसते. ‘आज काही करू नका’ हा बहुतेक दिवसांचा खरा सल्ला असतो. पण रोज साडेआठला दोनशे माणसं वाट बघत असली की तो रोज देता येत नाही. काहीतरी लिहावं लागतं, आणि लिहिलं की कुणीतरी काहीतरी करतं.

तुमच्या कसबाबद्दल मला शंका घ्यायची नाही. गिफ्ट निफ्टी (आपला बाजार उघडण्याआधीच चालू होणारा निफ्टीचा वायदा) बघायचा, अमेरिकेचा बाजार कुठे बंद झाला, कच्चं तेल काय भाव, रुपया कुठे, विदेशी संस्थांनी काल काय विकलं, हे सगळं जुळवून सकाळी चार ओळी लिहायच्या, यात अभ्यास आहे. शहरातल्या मोठ्या दलाली पेढ्याही असाच अंदाज रोज काढतात. फरक वाचणाऱ्यात आहे. तिथला वाचक कोण आहे हे पेढीला माहीत नसतं. तुम्हाला तुमचा प्रत्येक वाचक माहीत आहे. कुणाचा कापूस अजून घरात आहे, कुणी केळीचे पैसे उचलले, कुणाची मागच्या खरिपाची उधारी तुमच्याच वहीत आहे, कुणाच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे हातात रोख असण्याचे दिवस. आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल ठरतं, त्याची उचल द्यायची असते. मग बियाणं, मग खत, मग शाळा-कॉलेजची फी. हातात रोख दिसते, पण जूनपर्यंतचा तिचा रुपयान् रुपया आधीच कुणाचा तरी असतो. या पैशाला ‘आज सोनं घ्या’ हे ऐकवायलाच नको होतं. अंदाज बरोबर आला असता तरी नको होतं, आणि माझं मुख्य म्हणणं हेच आहे. नानांना साठ हजारांचा नफा झाला असता तर पुढच्या आठवड्यात चार लॉट घेतले असते, आणि गल्लीतल्या दहा जणांनी नानांकडे बघून घेतले असते. तेव्हा मात्र तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

आखाजीला गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात. त्या डावात बसणारा खिशात ठरावीक पैसे घेऊन बसतो, ते संपले की उठतो, आणि सण संपला की डावही उठतो. मोबाइलवरच्या या व्यवहाराला असा उठायचा दिवस नाही, म्हणून तो कुणीतरी ठरवून द्यावा लागतो. तुमच्या ग्रुपपुरता तो दिवस तुम्ही ठरवू शकता.

‘मी पैसे घेत नाही’ हे तुम्ही दोनदा लिहिलंत. पण खाती उघडून दिल्याचे ॲपकडून मिळाले, असंही लिहिलंत. रक्कम लहान असेल, तरी त्याने चित्र बदलतं. मोबदला घेऊन शेअर किंवा वायदे यांबद्दल सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. 2015 पासून कमोडिटीचे वायदेही सेबीच्याच देखरेखीखाली आहेत. नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी संबंध ठेवू नका, असं ब्रोकरांनाही 2024 च्या नियमांनी बजावलं आहे. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. मोबदला सरळ न येता वळसा घालून आला तरी तो मोबदलाच, हे तुम्ही आधी स्वतःशी मान्य करा. ती लिंक आजच काढून टाका. आजवर तिच्यातून जे आलं ते मोजा आणि नानांच्या बियाण्यात घाला. नुकसानभरपाई म्हणून देऊ नका, नाना ती घेणार नाहीत. पुतण्या म्हणून द्या.

मग पुढे काय? ‘माझी जबाबदारी नाही, आपापल्या अभ्यासाने निर्णय घ्या’ अशी ओळ खाली टाकून पूर्वीसारखं चालू ठेवावं, असं काही जण सुचवतील. त्या ओळीने तुमचं मन हलकं होईल, पण नाना ती ओळ वाचत नाहीत. ते तुमचं नाव वाचतात. हा मार्ग मी सुचवणार नाही.

दुसरा मार्ग रीतसर होण्याचा. पदवी, एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा, सेबीची नोंदणी, आणि मग प्रत्येक शिफारशीची कारणासकट लेखी नोंद. मनापासून यात उतरायचं असेल तर हा मार्ग चांगला आहे. तो एका हंगामात होत नाही, आणि दुकान सांभाळून जमेल का ते तुम्हीच ठरवा. तोपर्यंत मात्र अंदाज बंद.

तिसरा मार्ग मला तुमच्यासाठी योग्य वाटतो: रोजचा अंदाज थांबवा आणि ग्रुप ठेवा. आजपासून घ्या-विका, पातळी, टार्गेट, काही नाही. आठवड्यातून एकदा, बाजार बंद असताना, रविवारी लिहा. गेल्या आठवड्यात काय झालं आणि का झालं एवढंच. कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, पावसाचा अंदाज, पीकविम्याची मुदत, खत कुठे आलं, हे लिहा. त्यात तुमच्याइतका हात गावात दुसऱ्या कुणाचा नसेल. आणि ट्रेडिंगचा अंदाज लिहिल्याशिवाय राहवत नसेल तर वहीत लिहा. तारीख, कारण, किती पैसे लावले, किती आले, किती गेले, दलाली आणि कर वजा जाता काय उरलं. एक वर्ष लिहा आणि मग सात-तीनचा हिशेब पुन्हा मांडा.

‘लोक पळाला म्हणतील’ याची भीती मला समजते. गावात दुकान चालतं ते शब्दावर. म्हणून गुपचूप बंद करू नका, लिहून बंद करा. असं काही लिहिता येईल: “मी रोज सकाळी शेअर आणि सोन्याचा अंदाज देत होतो. तो वाचून आपल्यातल्या काहींनी शेतीचा पैसा वायद्यात घातला आणि नुकसान झालं. हे मला आधीच ओळखायला हवं होतं. आजपासून अंदाज बंद. कुणाचा सौदा अजून उघडा असेल तर दुपारी दुकानात या, आपण मिळून बघू. बियाण्याच्या पैशात वायदा करू नका.” नानांचं नाव त्यात अजिबात येऊ देऊ नका. पहिले दोन दिवस लोक बोलतील. दुपारी दुकानात कोण कोण येतं ते बघा. मला वाटतं नाना एकटे नसतील. जे येतील त्यांचे सौदे तुमच्या अंदाजाने चालू ठेवायचा मोह आवरा. त्यांना एकच विचारा: हे पैसे जूनमध्ये कशाला लागणार आहेत? लागणार असतील तर सौदा बंद करायला मदत करा, थोडा तोटा सोसून का होईना.

आता काकूंचे दागिने. यावर माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. दागिने तारण ठेवून पुन्हा सोन्याच्याच वायद्यात उतरायचं, तर भाव पडला की दोन्हीकडून मार बसतो. लॉटमध्ये तोटा होतो आणि त्याच दिवशी तारण ठेवलेल्या दागिन्यांची किंमतही घटते. एकीकडे मार्जिन मागतात, दुसरीकडे व्याज चढतं. आणि बाजाराला नानांचे साठ हजार कुठे गेले हे माहीत नाही. ‘भरून काढायचं’ हे ओझं डोक्यावर घेऊन बसलेला माणूस लॉट वाढवतो आणि तोटा कापायला उशीर करतो. अजून एक. ते दागिने नानांचे नाहीत, काकूंचे आहेत. काकूंना झालेला प्रकार माहीत आहे का, याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. नसेल तर आधी नानांनी घरात सांगावं, आणि सांगताना तुम्ही शेजारी बसावं. “काकू, मी लिहिलेलं वाचून हे झालं” एवढं तुम्ही बोललात तर नानांना बाकीचं बोलणं सोपं जाईल. खरोखर पेरणीच अडली आणि दुसरा उपाय उरला नाही, तर काकूंच्या संमतीने, बँकेत, फक्त बियाण्या-खतापुरतं तारण ठेवणं मी समजू शकतो. वायद्यासाठी एक अंगठीही नाही.

इतर वाचकांपैकी जे अशा ग्रुपमध्ये आहेत त्यांनी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने, आणि दोन्ही सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतात. पावतीशिवाय, एक्सचेंजच्या बाहेर तोंडी सौदे घेणारा ‘डब्बा’ कितीही ओळखीचा असो, तो बेकायदा आहे आणि तिथे बुडालेल्या पैशाला वाली नाही. लग्नासाठी सोनं हवं असेल तर भाव कुठे जाईल याची वाट बघण्यापेक्षा, जमेल तसं थोडं थोडं घ्या: दागिना हवा तर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बघून, मजुरी आणि 3 टक्के जीएसटी धरून हिशेब करून, लग्नाला वेळ असेल तर गोल्ड ईटीएफचाही (शेअरसारखा घेता येणारा सोन्याचा फंड) विचार करता येतो, त्यात मजुरी जात नाही. लॉट हा लग्नाच्या सोन्याचा मार्गच नव्हे. कापूस-केळीचे पैसे हातात आले की त्यातला जूनपर्यंतचा खर्च आधी बाजूला काढा. उरेल त्यातलं पाच वर्षं लागणार नाही तेवढंच शेअर किंवा म्युच्युअल फंडात घाला.

पुन्हा नानांकडे येतो. झालेला तोटा कागदावर आणा. ब्रोकरकडून वर्षाचं स्टेटमेंट घ्या आणि सीएला दाखवा. एक्सचेंजवर झालेल्या वायद्याचा तोटा मुदतीत रिटर्न भरलं तर पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. नाना पुन्हा वायद्यात उतरणार नसतील तर त्याचा उपयोग कमीच, पण खातं उघडलं तेव्हा कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

पेरणीसाठी सोसायटीचं पीककर्ज हा पहिला मार्ग. नानांकडे जुनी थकबाकी नसेल तर तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडल्यावर आपल्या राज्यात व्याजाच्या सवलतीमुळे जवळजवळ बिनव्याजी पडतं. सावकाराकडे किंवा झटपट कर्जाच्या ॲपकडे त्यांना जाऊ देऊ नका. सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक घेऊन येत्या दोन-चार दिवसांत गटसचिवांना भेटा. नानांना एकट्याला पाठवू नका, दुकान एक सकाळ बंद ठेवून बरोबर जा. कर्ज हातात यायला वेळ लागला आणि पाऊस आधी आला, तर पहिल्या पेरणीपुरती पाकिटं तुमच्या दुकानातून उधारीवर द्या आणि वहीत तशी नोंद करा. यंदा कपाशीचं क्षेत्र थोडं कमी करून तूर-उडीद घ्यायचे का, तेही त्याच वेळी बोला. बियाण्याचा खर्च त्याने उतरेल, आणि उडीद सप्टेंबरमध्ये घरात येईल.